हायब्रिड इन्व्हर्टर: बॅटरी कशासाठी, हे आधी ठरवा

घराच्या छतावर सोलर बसवायचे ठरले की विक्रेता तीन नावे समोर ठेवतो: ऑन-ग्रीड, ऑफ-ग्रीड आणि हायब्रिड. पहिले दोन प्रकार समजायला सोपे. ऑन-ग्रीड म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरायची आणि उरलेली महावितरणच्या तारांत सोडायची. ऑफ-ग्रीड म्हणजे ग्रीडला वीज न देता पॅनेल आणि बॅटरीवर भागवायचे. हायब्रिडमध्ये पॅनेल, बॅटरी आणि ग्रीड तिन्ही एकत्र येतात, त्यामुळे ऐकताक्षणी तोच सर्वांत चांगला पर्याय वाटतो. बिल शून्य होईल, लाइट गेली तरी घर चालू राहील आणि रात्रीसुद्धा सूर्याचीच वीज वापरता येईल, अशी तीन आश्वासने एका दमात दिली जातात. तिन्ही खोटी नाहीत. पण त्यांची किंमत वेगवेगळी आहे आणि त्यांतली दोन एकमेकांच्या आड येतात. ज्या घराला नेट मीटर, म्हणजे बाहेर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर, मिळतो, त्या घराचे बिल कमी करण्याचे काम बॅटरीचे नाही. बॅटरीचे काम वीज गेल्यावरचे तास भरून काढण्याचे. हे एकदा पक्के झाले की हायब्रिड घ्यायचा की नाही, बॅटरी केवढी घ्यायची आणि इन्व्हर्टरचे सेटिंग कसे ठेवायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरीच सोपी होतात.

सुरुवात ऑन-ग्रीड इन्व्हर्टरच्या एका वागण्यापासून करू, कारण पुष्कळांची निराशा तिथूनच सुरू होते. भर दुपारी ऊन कडक असताना वीज गेली, तर छतावर तीन किलोवॉटची पॅनेल असूनही घरात पंखा फिरत नाही. हा बिघाड नाही. ते यंत्र तसेच वागायला हवे. ऑन-ग्रीड इन्व्हर्टर ग्रीडचा व्होल्टेज आणि ५० हर्ट्‌झची लय पाहून तिच्या पावलावर पाऊल ठेवत वीज सोडतो. ती लय थांबली की त्यालाही थांबावे लागते. शिवाय तो थांबला नाही तर बंद समजलेल्या लाइनमध्ये घराघरांतून वीज शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रीड गेल्यावर क्षणार्धात वेगळे होणे नियमानेच बंधनकारक आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरात ग्रीड कोसळले, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या वेळी सूर्य वर होता, तरी बॅटरीशिवायच्या ऑन-ग्रीड संचांनी घरांना वीज देणे शक्यच नव्हते.

हायब्रिड इन्व्हर्टर हीच अडचण सोडवतो, आणि ती कशी सोडवतो हे थोडे आत डोकावून पाहण्याजोगे आहे. त्याच्या पेटीत प्रत्यक्षात तीन यंत्रे असतात. पहिले पॅनेलची डीसी वीज घेते आणि ऊन-सावलीनुसार पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज मिळेल असा बिंदू सतत शोधत राहते. याला एमपीपीटी म्हणतात. दुसरे बॅटरीशी जोडलेले असते आणि दोन्ही दिशांनी काम करते, म्हणजे चार्ज करते आणि गरज पडली की बॅटरीतून वीज काढते. पॅनेल आणि बॅटरी यांची वीज आतल्या एका समाईक डीसी पट्टीवर एकत्र येते. तिसरे यंत्र त्या पट्टीवरच्या डीसीची २३० व्होल्टची एसी करते, आणि ग्रीडकडून बॅटरी भरायची असेल तेव्हा उलटे कामही करते. ग्रीडच्या तोंडाशी एक रिले असतो. ग्रीड चालू असेपर्यंत हायब्रिड इन्व्हर्टर ऑन-ग्रीडसारखाच ग्रीडच्या लयीत चालतो. ग्रीड गेले की रिले उघडतो, घराचा ठरावीक भाग रस्त्यावरच्या तारांपासून पूर्ण तुटतो आणि मग इन्व्हर्टर स्वतःच ५० हर्ट्‌झची लय निर्माण करू लागतो. हा बदल बहुतेक यंत्रांत १० ते २० मिलिसेकंदांत होतो, त्यामुळे दिवा क्षणभर लुकलुकतो, पण संगणक सहसा बंद पडत नाही. लाइनमनही सुरक्षित, घरही चालू. तुटलेल्या अवस्थेत बॅटरी भरलेली असेल आणि घरात वीज फारशी लागत नसेल, तर इन्व्हर्टर पॅनेलकडून मुद्दाम कमी वीज घेतो, कारण जास्तीची वीज जायला वाटच उरलेली नसते.

आता ‘आधी सोलर, मग बॅटरी, मग ग्रीड’ हा क्रम तो पाळतो कसा? तारेतल्या विजेला रंग नसतो. ही सूर्याची आणि ही कोळशाची अशी निवड तारेत करता येत नाही. इन्व्हर्टर मोजमापावर चालतो. मीटरजवळच्या तारेवर एक छोटा चिमटा, म्हणजे सीटी, बसवलेला असतो. ग्रीडकडून घरात किती वीज येते किंवा घरातून किती बाहेर जाते, हे तो सतत कळवतो. घरात ८०० वॉट लागत असतील आणि पॅनेल ५०० देत असतील, तर ग्रीडकडून ३०० वॉट येताना दिसतात; बॅटरी वापरण्याची मुभा असेल तर इन्व्हर्टर बॅटरीतून तेवढेच ३०० काढतो आणि चिमट्यावरचा आकडा शून्याजवळ आणतो. पॅनेलची वीज जास्त झाली तर आधी बॅटरी भरतो, उरलेली बाहेर सोडतो. गावच्या पाटावरचा पाटकरी जसा कोणाची पाळी आणि किती वेळ हे पाहून दारे उघडतो, तसेच हे काम आहे. पाटकऱ्याला पाळीपत्रक कोणी तरी द्यावे लागते, आणि इन्व्हर्टरचे पाळीपत्रक म्हणजे त्याचे सेटिंग. ते विक्रेत्याने किंवा कारखान्याने ठरवून दिलेलेच राहिले, तर यंत्र उत्तम असूनही घराला त्याचा हवा तो उपयोग होत नाही.

पैशांचा हिशेब करून पाहू. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला नेट मीटर मिळतो तेव्हा दुपारी बाहेर दिलेले एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटाशी वजा होते. जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यांत नेता येतात आणि मार्चअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे कमी दराने मिळतात. म्हणजे आर्थिक वर्षाच्या आत ग्रीड आपली वीज सांभाळून ठेवते आणि युनिटामागे घट धरत नाही. स्थिर आकार तेवढा भरावाच लागतो. आता बॅटरी घ्या. समजा पाच युनिटांची लिथियम बॅटरी एक लाख रुपयांना मिळाली. त्यातली साडेचार युनिटे रोज वापरली आणि ती दहा वर्षे चालली, तर आयुष्यभरात साधारण सोळा हजार युनिटे तिच्यातून जातील. वयानुसार होणारी घट धरली तर पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे एक युनिट दुपारून रात्रीपर्यंत नेण्याचा खर्च सहा-सात रुपये पडला. पॅनेलची किंमत यात धरलेलीच नाही. जे काम ग्रीड फुकट करते, त्यासाठी सहा-सात रुपये मोजायचे का? शिवाय बॅटरीत टाकलेल्या विजेपैकी सुमारे दहा टक्के वीज भरण्या-काढण्यात उष्णतेत जाते. नेट मीटर असलेल्या घरात बॅटरी रोज भरून रोज रिकामी केली, तर महिन्याअखेरची निव्वळ युनिटे कमी होत नाहीत, उलट थोडी वाढतात. बॅटरीने बिल वाचते असे सांगणाऱ्याला एवढेच विचारावे की नेट मीटर धरून हिशेब कागदावर मांडून दाखवा. सरकारी अनुदानाचा कलही हेच सांगतो: फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये मिळतात, ते ग्रीडला जोडलेल्या सोलरच्या क्षमतेवर, बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की नेट मीटरचे नियम कायम थोडेच राहणार आहेत? आक्षेप रास्त आहे. दुपारी सोलरची वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई हे चित्र ग्रीडवर दिसू लागले आहे, आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या सौर तासांत दरात सवलत देण्याची सुरुवातही झाली आहे. उद्या संध्याकाळचे युनिट दुपारच्या युनिटापेक्षा बरेच महाग झाले आणि दोघांची वजाबाकी थांबली, तर बॅटरीचा हिशेब पालटेल. पण हा युक्तिवाद आज बॅटरी घेण्याचा नाही. फार तर उद्या बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर घेण्याचा आहे. लिथियम बॅटरीचे भाव गेल्या दशकात बरेच खाली आले आहेत, तेव्हा उद्याच्या गरजेची बॅटरी आज घेऊन तिचे वय फुकट घालवण्यात शहाणपण नाही. मात्र ‘बॅटरी नंतर जोडता येते’ या वाक्यावरही आंधळा विश्वास नको. लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचा नियंत्रक असतो आणि त्याचा इन्व्हर्टरशी सतत संवाद चालतो. किती करंटने भरायचे, कधी थांबायचे हे तोच सांगतो. दोघांची भाषा जुळावी लागते. काही इन्व्हर्टर ४८ व्होल्टच्या बॅटरीचे असतात, काही शेकडो व्होल्टच्या. एकाची बॅटरी दुसऱ्याला चालत नाही. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीशिवाय चालतो का आणि कोणकोणत्या कंपन्यांच्या बॅटऱ्या त्याला चालतात, याची छापील यादी खरेदीच्या वेळीच मागून घ्यावी. यादीत एकाच कंपनीचे एकच मॉडेल असेल, तर पाच वर्षांनी ते बाजारात नसण्याची शक्यता धरून चालावे.

मग हायब्रिड कोणी घ्यावा? ज्याच्याकडे वीज बराच वेळ जाते त्याने, आणि ज्याच्या घरात वीज जाणे परवडत नाही त्याने. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेला रुग्ण असेल, इन्शुलिन किंवा लसी थंड ठेवायच्या असतील, घरातूनच चालणारे काम असेल, तर हिशेब रुपयांच्या पलीकडे जातो. कोकणाचे उदाहरण सर्वांत बोलके. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत खांब आणि तारा इतक्या मोडल्या की अनेक गावे कित्येक दिवस, काही तर आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी साध्या इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री संपते आणि पुन्हा भरायला काही नसते. हायब्रिडची बॅटरी दुसऱ्या दिवशी ढगाळ उजेडातही थोडीफार भरते. उन्हाळ्यात तीन किलोवॉटची पॅनेल दिवसाला बारा-एक युनिटे देतात; दाट ढगांत ती तीन-चारवर येतील, पण दिवे, पंखे, फोन आणि फ्रिज यांना तेवढी पुरतात. लांबलेल्या अंधारात रोज पुन्हा भरण्याची ही सोय हेच हायब्रिडचे खरे बळ. याउलट आठवड्यातून एकदा तासभर वीज जाणाऱ्या पुण्या-नाशिकच्या घरात आधीपासून साधा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी असेल, तर ती तशीच ठेवून शेजारी ऑन-ग्रीड सोलर बसवणे हा स्वस्त आणि पुरेसा मार्ग आहे. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १.८ युनिटे, आयुष्य टिकवायचे तर त्यातली निम्मी वापरायची. दोन पंखे, चार-पाच दिवे आणि वायफाय यांना ती साडेतीन-चार तास पुरते. तेवढ्यासाठी लाखभर रुपये जादा घालण्याचे कारण नाही.

गरज ठरली की बॅटरीचे माप काढायचे, आणि ते पॅनेलवरून नव्हे तर लाइट गेल्यावर काय चालायला हवे यावरून. कागदावर मांडून पाहू. दोन साधे पंखे १४० वॉट, नऊ वॉटचे पाच दिवे ४५, राउटर १०, टीव्ही ८०, आणि फ्रिज सुरू-बंद होत असल्याने सरासरी ५० वॉट. बेरीज ३२५. यात एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, बहुधा ४० ते ६० वॉट. धरू ५०. म्हणजे ३७५ वॉट. ५१.२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ५.१२ युनिटांची, नव्वद टक्के वापरली आणि रूपांतरातली घट वजा केली तर हाती सव्वाचार-साडेचार युनिटे येतात. ३७५ वॉटने ती अकरा तासांहून थोडी जास्त चालेल. त्याच घरात दोन पंखे बीएलडीसी केले, म्हणजे प्रत्येकी ३० वॉटच्या आसपास, तर तीच बॅटरी चौदा तासांच्या पुढे जाते. दोन पंख्यांच्या किमतीत तीन तास मिळाले. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे केव्हाही फायद्याचे, हे विक्रेता सांगणार नाही, कारण तो पंखे विकत नाही. गीझर, इस्त्री, इंडक्शन आणि एसी यांना बॅकअपच्या बाहेर ठेवावे. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला तर एक युनिट गेले, म्हणजे वरच्या हिशेबातले जवळजवळ तीन तास.

बॅटरीचा प्रकार निवडताना आता फारसा वाद उरलेला नाही. वीज क्वचित आणि थोडाच वेळ जात असेल, तर ट्युब्युलर लेड-अॅसिड अजूनही चालेल. हायब्रिडला मात्र लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी. तिच्या साडेतीन ते सहा हजार फेऱ्या सांगितल्या जातात, पाणी घालावे लागत नाही आणि ती पटकन भरते. ढगांच्या फटीतून तासभर ऊन आले तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. लेड-अॅसिडला शेवटचे वीस टक्के भरायला फार वेळ लागतो, आणि पावसाळ्यात ती दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहून लवकर खराब होते.

आता सेटिंग, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असते. बहुतेक हायब्रिड इन्व्हर्टर ‘स्वतःचा वापर’ या पद्धतीवर लावलेले येतात. म्हणजे दिवसा बॅटरी भरायची, सूर्य मावळला की घर बॅटरीवर घ्यायचे, ती अगदी तळाला गेली की ग्रीडवर यायचे. ही पद्धत अशा देशांसाठी योग्य आहे जिथे बाहेर दिलेल्या युनिटाला फारच कमी पैसे मिळतात. जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात दिलेल्या युनिटाचा दर घेतलेल्या युनिटाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून तिथे दुपारची वीज घरात साठवून रात्री वापरणे खरोखर फायद्याचे. आपल्याकडे नेट मीटर असताना तीच पद्धत चालू ठेवली, तर दोन तोटे एकदम होतात. बॅटरी रोज एक फेरी झिजते आणि त्या झिजेबद्दल काही मिळत नाही. दुसरा तोटा मोठा: जूनच्या रात्री दहापर्यंत बॅटरी रिकामी झालेली असते आणि दोन वाजता वारा सुटून डीपी उडाली की लाखभराची बॅटरी अर्धा तासही पुरत नाही. हायब्रिड बसवूनही अंधारात बसावे लागले अशी तक्रार होते, तेव्हा आधी हेच सेटिंग तपासावे. नेट मीटरवाल्या घराने बॅटरीची राखीव पातळी ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे ग्रीड चालू असताना बॅटरी तेवढ्यावरच थांबेल आणि उरलेली वीज फक्त लाइट गेल्यावर वापरली जाईल. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, वादळवाऱ्याच्या दिवसांत, ती थेट शंभरवर न्यावी आणि ग्रीडवरून चार्ज करण्याची मुभाही चालू ठेवावी. ‘फक्त सोलरनेच भरायचे’ हा हट्ट त्या दिवसांत महागात पडतो. लिथियम बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवली तर तिचे वय थोडे लवकर होते हे खरे, पण ज्या कामासाठी ती घेतली ते काम होणे जास्त महत्त्वाचे. वर्षातले उरलेले आठ महिने ८० टक्के हा तोल ठीक आहे.

बाजारात ‘हायब्रिड’ या शब्दाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात, आणि इथे फसगत सहज होते. एक यंत्र वर सांगितले तसे ग्रीडला वीज देऊ शकते. दुसरे पॅनेल, बॅटरी आणि ग्रीड तिन्ही जोडून घेते, पण ग्रीडकडून फक्त घेते, देत काही नाही. त्याला काही विक्रेते सोलर पीसीयू म्हणतात, काही सर्रास हायब्रिड म्हणतात. हे दुसरे यंत्र वाईट नाही. शेतावरचे घर, फार्महाउस, नेट मीटर न मिळणारी जागा यांना तेच योग्य. पण त्यावर नेट मीटर मिळणार नाही, ग्रीड-जोडणीचे अनुदानही मिळणार नाही, आणि बॅटरी भरल्यावर दुपारची वीज वाया जाईल. खरेदीआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: हा इन्व्हर्टर ग्रीडला वीज देतो का, आणि आमच्या वीज कंपनीकडे याच मॉडेलवर नेट मीटर मंजूर होईल का? अनुदान हवे असेल तर पॅनेल देशी सेलपासून बनवलेली लागतात, तेही कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्यावे.

वायरिंगचे काम कंटाळवाणे वाटते, पण जीव आणि पैसा दोन्ही तिथेच जातात. हायब्रिडला दोन एसी तोंडे असतात, एक ग्रीडचे आणि एक बॅकअपचे. बॅकअपच्या तोंडावर वेगळी डीबी, म्हणजे वितरण पेटी, करून त्यात फक्त निवडलेली उपकरणे घ्यावीत. तीन किलोवॉटच्या इन्व्हर्टरच्या बॅकअप बाजूला पूर्ण घर जोडले, तर ग्रीड चालू असतानाही गीझर आणि मिक्सर एकत्र लागले की यंत्र ओव्हरलोड दाखवून बंद पडू शकते. एक एचपीचा पंप चालताना किलोवॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो. तो बॅकअपवर हवाच असेल तर इन्व्हर्टरची क्षणिक क्षमता पाहून घ्यावी किंवा पंपाला सॉफ्ट स्टार्टर लावावा. तीन फेजचे मीटर आणि एक फेजचा इन्व्हर्टर असेल, तर बॅकअप एकाच फेजवर मिळेल; घरातली गरजेची उपकरणे त्या फेजवर आणावी लागतील. आणखी एक मुद्दा अनुभवी वायरमनही कधीकधी सोडून देतात. ग्रीड तुटल्यावर घरातला न्यूट्रल जमिनीशी जोडलेला राहतो का? राहत नसेल, तर लाइट गेलेली असताना कोणाला झटका बसला तरी आरसीसीबी, म्हणजे झटका बसताच वीज तोडणारा स्विच, ट्रिप होणार नाही. काही इन्व्हर्टर हा जोड आपोआप करतात, काहींना तो बाहेरून रिले लावून करावा लागतो. माहितीपुस्तिकेत पाहून तो करून घ्यावा. डीसी, एसी आणि तडितरोधक यांची अर्थिंग वेगवेगळी हवी, आणि दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन हवेच. सीटी चिमट्यावर बाण असतो. तो उलटा बसला तर इन्व्हर्टरला घेणे हे देणे वाटते आणि बॅटरी नको तेव्हा भरते, हवी तेव्हा थांबते.

पॅनेलच्या मालिकेचा व्होल्टेज थंडीत वाढतो, हे उष्ण प्रदेशात कोणाच्या ध्यानात येत नाही. पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंशांचा असतो. ५० व्होल्टची दहा पॅनेल एका ओळीत जोडली की ५०० व्होल्ट होतात. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तीच ओळ ५२५ च्या पुढे जाते. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ५०० असेल तर सूर्य उगवताच त्याच्या आतले भाग जळू शकतात, आणि मर्यादा ओलांडली होती म्हणून वॉरंटीही नाकारली जाते. विदर्भात उलटी अडचण: एप्रिल-मेमध्ये पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते आणि उत्पादन बारा-पंधरा टक्क्यांनी घटते, म्हणून छत आणि पॅनेल यांच्यात वारा खेळेल एवढी उंची ठेवावी. बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. आणि चिपळूण, सांगली, कोल्हापूर इथल्या नदीकाठच्या घरांनी २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवून बॅटरी व इन्व्हर्टर तळमजल्यावर न ठेवता पहिल्या मजल्यावर, सावलीत आणि हवेशीर जागी बसवावेत.

काहींचे म्हणणे असते की वीज कंपनीवर अवलंबून राहायचेच नाही, म्हणून मोठी बॅटरी घेऊन तार तोडून टाकू. ही इच्छा मला समजते, पण आकडे तिच्या बाजूने नाहीत. कोकणात जुलैमध्ये सलग चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही. त्या दिवसांसाठी पुरेल एवढी बॅटरी आणि पॅनेल घेतली, तर एप्रिलमध्ये त्यातली बहुतेक वीज वाया जाणार. ग्रीड जोडलेले ठेवले तर तीच उन्हाळ्यातली जास्तीची युनिटे शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतात आणि आपल्या खात्यावर जमा राहतात. याच्या जोडीला खेड्यापाड्यांतून येणारी एक खरी तक्रार मात्र मान्य करायला हवी: दुपारी फीडरवरचा व्होल्टेज २५० च्या वर जातो आणि ऑन-ग्रीड इन्व्हर्टर वारंवार तुटतो, सोन्यासारखे ऊन फुकट जाते. हायब्रिडही त्या वेळी ग्रीडपासून तुटेल, पण तुटल्यावर घर आणि बॅटरी पॅनेलवर चालू ठेवील. तरी त्याआधी महावितरणकडे व्होल्टेजची लेखी तक्रार करून ट्रान्सफॉर्मरचा टॅप तपासून घ्यावा आणि मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार पुरेशी जाड आहे का ते पाहावे. पुष्कळदा दुखणे तिथेच असते.

ज्यांच्या छतावर ऑन-ग्रीड संच आधीच आहे त्यांनी तो काढून टाकण्याची घाई करू नये. त्याच्या शेजारी वेगळा बॅटरी-इन्व्हर्टर बसवता येतो. ग्रीड गेले की हा बॅटरी-इन्व्हर्टर स्वतः लय निर्माण करतो, जुना ऑन-ग्रीड इन्व्हर्टर तिला ग्रीड समजून पुन्हा सुरू होतो, आणि बॅटरी भरत आली की नवा इन्व्हर्टर ५० हर्ट्‌झची लय थोडी वर नेऊन जुन्याला हळूहळू कमी करायला लावतो. जुन्या इन्व्हर्टरला हा इशारा समजतो का, हे मात्र जोडणी करण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे, नाहीतर बॅटरी भरल्यावर सगळेच एकदम ट्रिप होते.

संच बसवून झाला की ताबा घेण्याच्या दिवशी दोन चाचण्या बसवणाऱ्याच्या समोरच कराव्यात. पहिली भर दुपारी: फ्रिज, पंखे आणि राउटर चालू ठेवून मेन स्विच पाडावा, बॅकअपवरची उपकरणे न थांबता चालू राहतात का ते पाहावे, मग त्याच अवस्थेत आरसीसीबीचे चाचणी-बटण आणि टेस्टरने न्यूट्रल-अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. दुसरी अंधार पडल्यावर: पॅनेलची डीसी बाजू बंद असताना मेन पुन्हा पाडून किमान एक तास घर बॅटरीवर चालवावे आणि बॅटरी किती टक्के उतरली हे लिहून ठेवावे, वरच्या हिशेबाशी ते ढोबळमानाने जुळले पाहिजे. सीटीची दिशा तपासायला ग्रीड चालू असताना इस्त्री लावावी आणि अॅपवर ग्रीडकडून येणारा आकडा वाढतो का ते पाहावे. राखीव पातळी, ग्रीडवरून चार्जिंगची मुभा आणि वेळांची सेटिंग कशी बदलायची हे घरातल्या दोघांना तरी शिकवून घ्यावे, आणि अॅपचे खाते बसवणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या मोबाइल नंबरवर आहे याची खात्री करूनच शेवटचा हप्ता द्यावा.